मॅक्रोला शेवटची ओळ कशी कळणार?

कडेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात. आम्हा तालुक्यातल्या पोरांना मात्र सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्या घेऊन उभी राहिलेली रांग आठवते. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं आणि त्यावर घरचा बाजार चालतो. आता हे बिल पुष्कळ ठिकाणी एक्सेलमध्ये होतं, म्हणून हे उदाहरण.

आमच्या भागातल्या एका संकलन केंद्रावर बिलासाठी मॅक्रो रेकॉर्ड केला होता. त्या दिवशी यादीत ४० सभासद होते. रेकॉर्डरने जे दिसलं तेच लिहून ठेवलं : रेंज "ए२:डी४१". पुढच्या दहा दिवसांत दूध घालणारे ४५ झाले. मॅक्रोने पहिल्या ४० जणांची बेरीज केली आणि गप्प बसला. ना एरर, ना बीप! खालची पाच घरं बिलातून गायब.

दुसरी गंमत याहून वाईट. नंतर पाचव्या कॉलममध्ये पशुखाद्याची कपात हाताने भरायला लागले. नावांची क्रमवारी लावताना मॅक्रोने चारच कॉलम हलवले, कपात जागेवरच राहिली. म्हणजे पेंड एकाने नेली आणि पैसे दुसऱ्याचे कापले!

मग उपाय काय? पत्ता कायमचा लिहायचा नाही, दर वेळी शोधायला लावायचा. (खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरा.)

डिम ओळ ॲज लाँग, कॉलम ॲज लाँग
ओळ = सेल्स(रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो
कॉलम = सेल्स(१, कॉलम्स.काउंट).एंड(एक्सएलटूलेफ्ट).कॉलम
इफ ओळ < २ देन एक्झिट सब
सेट यादी = रेंज(सेल्स(२, १), सेल्स(ओळ, कॉलम))

पहिली शोधाची ओळ म्हणजे शीटच्या तळाशी जाऊन कंट्रोल आणि वरचा बाण दाबणं. जिथे पहिला भरलेला सेल लागेल ती शेवटची नोंद. वरून खाली का नाही? कारण मध्ये एखादा सेल रिकामा असला तर शोध तिथेच अडकतो. तळाचा आकडाही स्वतः लिहू नका. एक्सेल २००३ पर्यंत ६५,५३६ ओळी होत्या, २००७ पासून १०,४८,५७६ आहेत. 'रोज.काउंट' तो स्वतः बघून घेतो. 'लाँग' यासाठी, की 'इंटिजर' ३२,७६७ च्या पुढे जात नाही.

'इफ'ची ओळ गाळू नका. यादी रिकामी असेल तर ओळ १ येते, आणि "ए२:ई१" ला एक्सेल "ए१:ई२" समजतं. म्हणजे शीर्षकच हिशोबात घुसतं!

आता तीन पथ्यं. एक, पहिल्या कॉलममध्ये प्रत्येकाचा सभासद क्रमांक हवाच आणि पहिल्या ओळीत प्रत्येक कॉलमला शीर्षक. दोन, एकूण बेरीज यादीखाली लिहू नका, नाहीतर तीही सभासद ठरेल. तीन, फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, कारण लपलेल्या ओळी या शोधात सुटतात.

आणि शेवटी एक साधी तपासणी : 'यादी.रोज.काउंट' स्क्रीनवर दाखवा आणि रजिस्टरमधली नावं मोजा. दोन्ही आकडे जुळले, तरच प्रिंट काढा. मित्रांनो, मॅक्रो चालला म्हणजे हिशोब बरोबर झाला असं नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा पैसा त्याला मिळाला पाहिजे, एवढं बघणं आपल्याच हातात आहे.