खाल्लेले परत येते तेव्हा

आमच्या वर्धा जिल्ह्यात गाईने गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणला तर कोणी दचकत नाही. आर्वी-आष्टीकडची गवळाऊ गाय रोज कित्येक तास रवंथ करते. अन्ननलिकेची ही उलटी चाल तिचा नित्याचाच व्यवहार आहे. कुत्र्याने मात्र अन्न परत टाकले, की आपण ‘ओकला’ म्हणतो आणि पोटाचे औषध पाजतो. घोटाळा येथेच होतो.

ओकताना पोटाला आचके बसतात. पडलेल्या अन्नात बहुधा पिवळे पित्त असते. अन्ननलिकेतून परतलेले अन्न आचक्याशिवाय, मान खाली जाताच घसरून पडते. भाकरीचे तुकडे जसेच्या तसे. असे वारंवार होऊन, भूक असूनही कुत्रा वाळू लागला, तर अन्ननलिका सैल पडून फुगली असण्याचा संभव असतो. या विकाराला मेगाइसोफॅगस म्हणतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसतो.

मोठ्या वयात हे का जडते? माणसाच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात आपोआप चालणारे गुळगुळीत स्नायू असतात. कुत्र्याची नलिका शेवटपर्यंत हातापायांसारख्या रेखित स्नायूंची असते. म्हणून मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू न देणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार तिला गाठतो. अशा रुग्ण कुत्र्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात हेच कारण आढळते. शिशाची वा काही कीटकनाशकांची विषबाधा हेही कारण असू शकते. कपाशीच्या आपल्या जिल्ह्याने ते ध्यानात ठेवावे. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

खरा धोका उपासमारीपेक्षा न्यूमोनियाचा असतो, कारण परतणारे अन्न श्वासनलिकेत उतरते. त्यावर साधा उपाय उंचावर जेवू घालण्याचा. आमच्या घरच्या कुत्र्याला आम्ही पुढचे पाय लाकडी खोक्यावर ठेवून मऊ कालवलेले अन्न थोडे थोडे देत असू, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे तसेच उभे धरत असू. नलिका ढकलत नसली, तरी अन्न आपल्या वजनाने खाली उतरते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जनावराला अकस्मात गिळताच येईना, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, तर ‘काही अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. अशा वेळी दूर राहून पशुवैद्यांना बोलवावे.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. औषध सांगणे माझे काम नव्हे. पण अन्न कसे परत आले, आचके देऊन की नुसते घसरून, एवढे आपण नीट पाहून सांगितले, तरी पशुवैद्यांचे निदान सोपे होते. मुक्या जनावराची हकिगत आपल्यालाच सांगावी लागते.