दुकानाचे दुसरे दार

छत्तीसगडची राजधानी जुन्या रायपुराच्या आग्नेयेस, नवा रायपुर येथे वसविली जात आहे. २०१२ साली राज्याचे मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. त्यामागून कचेऱ्या, विद्यालये आणि वसाहती आल्या. वस्ती आली की बाजार येतोच. मात्र आजच्या बाजारात दुकानाला दोन दारे असतात. कोशाची साडी किंवा बस्तरची ढोकरा मूर्ती विकणाऱ्याचे एक दार रस्त्यावर उघडते. दुसरे संकेतस्थळावर, आणि ते अष्टौप्रहर साऱ्या जगाला उघडे असते. पहिल्या दाराला कुलूप घातल्यावाचून कोणी घरी जात नाही. दुसऱ्याची चौकशी मात्र वर्षानुवर्षे होत नाही.

‘आमच्या लहानशा दुकानात चोराला काय मिळणार?’ असे पुष्कळ व्यापारी विचारतात. परंतु हॅकर बहुधा दुकान पारखून येत नाही. त्याने सोडलेला प्रोग्राम लक्षावधी दारांच्या कड्या वाजवीत जातो आणि जी ढिली असेल तेथून आत शिरतो. त्याला गल्लाच हवा असतो असेही नाही. दुकानाच्या नावाने फसवी पत्रे धाडणे, गिऱ्हाइकाला भलत्याच पानावर नेणे, त्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक पळविणे, यांतही त्याचा लाभ असतो. व्यापाऱ्याची मात्र पत जाते. आणि लहान दुकानाचे खरे भांडवल पत हेच होय.

कडी ढिली राहते ती पुष्कळदा हयगयीने. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने अनेक देशांतील संगणक बंद पाडले. ज्या दोषातून तो शिरला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. संकेतस्थळाचेही असेच आहे. ते ज्या प्रणालीवर चालते तिच्या दुरुस्त्या वेळीच बसवाव्यात आणि वापरात नसलेली जोडसाधने काढून टाकावीत.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. परवलीचा शब्द लांब असावा, अन्यत्र वापरलेला नसावा, आणि त्याच्या जोडीला भ्रमणध्वनीवरील दुसरी खातरजमा असावी. पुष्कळदा संकेतस्थळ एखादा ओळखीचा तरुण तयार करून देतो आणि त्याचे नाव त्याच्याच खात्यावर नोंदले जाते. तो गाव सोडून गेला की मालक आपल्याच दुकानाबाहेर उभा राहतो. ती नोंद मालकाच्या नावावरच हवी.

तिसरी गोष्ट, अनावश्यक माहिती जवळ न ठेवण्याची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचा तपशील साठविता येत नाही. जे घरात नाही, ते चोरीस जात नाही. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थही समजून घ्यावा: वाटेत माहिती कोणी वाचू नये, एवढीच त्याची हमी, आतल्या तिजोरीची नव्हे.

इतके करूनही अभेद्य असे काही नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये अशाच मार्गाने गेले. यास्तव संकेतस्थळाची ताजी प्रत नियमाने काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे. न पडताळलेली प्रत म्हणजे न वटविलेली हुंडी.

घात झालाच तर तो लपवू नये. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची वर्दी सहा तासांत द्यावयाची असते. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविण्याची आशा अधिक. गिऱ्हाइकांनाही स्वतःहून सांगावे. चोरी झाल्याचे कळल्याने गिऱ्हाईक तुटतेच असे नाही. ती दडविल्याचे कळले, तर ते सहसा परत येत नाही.