कारभाऱ्याची रिकामी दुपार



रब्बीचं खळं उरकलं, माल घरात आला, नांगरलेली जमीन उन्हात तापते आहे. चैत्र-वैशाखातल्या या दिवसांत पारावर गप्पा रंगतात. वर्षभर राबलेल्या माणसाला विसावा हवाच. पण ज्याच्या शब्दावर घर चालतं, किंवा गटातली दहा-पंधरा कुटुंबं चालतात, त्या कारभाऱ्यानं या दिवसांतला रोजचा एक तास पुढच्या कामासाठी राखून ठेवावा.

कारण सरळ आहे. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, की विचार करायला सवड नसते. त्या वेळी कारभारी फक्त हुकूम सोडतो. तो हुकूम बरोबर ठरणार की चूक, हे उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं.

हा धडा मी स्वतः ठेच लागून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका गटाचे प्रमुख एप्रिलमध्ये दोनदा माझ्याकडे आले. घरचं सोयाबीन बियाणं कसं तपासायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "अजून लई वेळ आहे, पाहू पुढं." खरं तर त्या महिन्यात माझ्या टेबलावर विशेष काम नव्हतं. जूनमध्ये पाऊस आला, माझ्या दाराशी रांग लागली आणि त्या गटानं बियाणं न तपासताच पेरलं. उगवण विरळ झाली. काही रानांत दुबार पेरणी करावी लागली. प्रमुख एवढंच म्हणाले, "साहेब, वेळ आहे असं तुम्हीच म्हणाला होता." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तर या राखलेल्या तासात काय करायचं?

१) मोजदाद : एक वही घाला. कोणत्या रानात काय पेरायचं, बियाणं किती, खत किती, हातात पैसा किती आणि कमी किती पडतो, हे लिहून काढा. तोंडी हिशेब घाईत हमखास चुकतो.

२) बियाण्याची परीक्षा : पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बियाणं घ्या. ते एकत्र करून न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीत मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी चांगले, सशक्त कोंब मोजा. अशी परीक्षा तीनदा करून सरासरी काढा. ७० किंवा जास्त दाणे उगवले, तर एकरी ३० किलो पुरे. ६० उगवले, तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फारच कमी आले, तर ते बियाणं पेरू नका. दुसरं मिळवायला अजून दिवस हातात आहेत. सोयाबीनचं साल नाजूक असतं, म्हणून पोती आदळू नका.

३) माती परीक्षण : रान मोकळं असताना नमुना घ्या. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा करा. कडेची माती खरवडून एकत्र करा. त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्या.

४) अवजारं : तिफणीचे फण, नळ्या, चाडं पाहून घ्या. पेरणीयंत्र एकदा रिकामं चालवून बघा. सुताराला, मिस्त्रीला आज सवड आहे. मृगात त्याच्याकडे अख्खं गाव जमतं.

५) माणसं : सगळ्यांना एकत्र बसवा. बियाणं कुणी आणायचं, बीजप्रक्रिया कुणी करायची, यंत्र आधी कुणाच्या रानात जायचं, हे सर्वांसमक्ष ठरवा. भगिनींना जरूर विचारा. घरात बियाणं त्यांनीच सांभाळलेलं असतं. कोणतं पोतं भिजलं होतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. पाळी आधी ठरली की भर पेरणीत भाऊबंदकी होत नाही.

शेवटी, पाऊस लांबला तर काय, हेही वहीत लिहा. पहिल्या सरीला भुलू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्यावरच पेरा. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला, तर मूग-उडदाचा हट्ट सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल यांचा विचार करावा लागेल. त्याचं बियाणं कुठं मिळेल, हे आजच विचारून ठेवा.

मंडळी, आता मीही माझ्या कामाची वही एप्रिलमध्येच उघडतो आणि विचारायला आलेल्याला 'पाहू पुढं' म्हणत नाही. तुम्हीही आज दुपारी, ऊन कलेपर्यंत, वहीचं पहिलं पान लिहून टाका. उद्या गोणपाट भिजवा.