तीन पायऱ्या, तेरा भानगडी!

आरव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शूटिंगच्या जागी रांगेत उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅन्स. एसी, आरसा, सोफा, बस्स. अमेरिकेत मात्र रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे आरव्ही, हे चाकांवरचं अख्खं घर असतं. किचन, बाथरूम, डबल बेड आणि कमाल म्हणजे चक्क वरचा मजलासुद्धा! 'मजला' हा शब्द जरा जास्तच झाला, पण तीन पावलं चढून जायची बेडरूम तर नक्की. आजची आपली स्टोरी या तीन पावलांचीच आहे.

या प्रकाराचं नाव फिफ्थ व्हील. ऐकून वाटतं की गाडीला पाच चाकं असणार. पण फंडा वेगळाच आहे. जुन्या घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं चाक बसवलेलं असायचं, त्याच्यावर आस वळायचा. चार चाकं जमिनीवर आणि हे पाचवं. आज त्याच नावाची कडी पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसते आणि ट्रेलरचं पुढचं नाक त्या हौद्यावर चढून बसतं. नाक उंच, म्हणून नाकातली खोली उंच आणि म्हणून आत पायऱ्या. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस या अमेरिकन अवलियाने १९२० च्या दशकात 'एरोकार' नावाचा ट्रेलर काढला होता, म्हणजे घर ट्रेलरवर घेऊन हिंडायची हौस काही आजची नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. कोविडमध्ये हॉटेल-विमान बंद झाल्यावर लोकांनी अक्षरशः झुंबड उडवली. २०२१ मध्ये ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, हा विक्रमच. मग लाट ओसरली.

माझी मावसबहीण आणि भावजी टेक्सासमध्ये आयटीत आहेत. दोघंही एच-१बी व्हिसावर. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत काहीतरी जुगाड करा, नाहीतर बॅगा भरा. अशा वेळी ३० वर्षांचं होम लोन अंगावर घ्यायचं डेअरिंग कोण करणार? म्हणून त्यांनी सेकंडहँड फिफ्थ व्हील घेतली. नोकरी बदलली तर घर ट्रकला जोडायचं आणि निघायचं. सॉलिड आयडिया!

टेन्शन सुरू झालं ते मावशीचं तिकीट काढल्यावर. मावशी सहा महिन्यांसाठी येणार होती. वय ६८, एक गुडघा बदललेला, दुसरा कुरकुरणारा. तिचा सोफा-बेड खाली आणि बाथरूम वर. रात्री दोनदा उठायचं म्हणजे तीन पावलं दोनदा वर, दोनदा खाली, अंधारात. त्यात एकेक चढ चांगला नऊ इंचांचा आणि मधली पायरी कार्पेटखाली मऊ लागायची.

पायरी मऊ लागणं म्हणजे लक्झरी नव्हे बरं का! ते सडकं लाकूड असतं.

उघडलं आणि...

भावजींनी एका शनिवारी कार्पेट उचकटलं. आधी गॅस सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरी तोडलेली, बाहेरच्या विजेचं कनेक्शन काढलेलं. ही खबरदारी हवीच, कारण या पायऱ्यांच्या पोटात काय काय असतं ते ऐका. अनेक फिफ्थ व्हील्समध्ये घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस इथेच बसवलेली असते. शिवाय तिचे हवेचे पाइप, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, १२ व्होल्टच्या वायरी. जिना कसला, लिफ्टची मशीनरूमच ती! पायरीच्या उभ्या फळीवर जी जाळी असते ना, तीही शोभेची नाही. फर्नेस तिथूनच खोलीतली हवा ओढते. नव्या जिन्यात ती झाकली की फर्नेस गुदमरून तापते आणि बंद पडते. चपलांचं कपाट करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण फर्नेसभोवती किती जागा मोकळी ठेवायची ते तिच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. चपला बाहेर राहिल्या तरी चालतील.

कार्पेटखाली निघाल्या स्टेपल्स. शेकड्यांनी! कारखान्यात वेळ वाचवायला हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्टेपलरने धडाधड ठोकलेल्या. आपल्या बिल्डिंगमधला जिना जागचा हलत नाही. इथे मात्र घर हायवेवरून धावतं आणि त्याच्या दृष्टीने प्रत्येक ट्रिप म्हणजे तासन्‌तास चाललेला भूकंप. स्टेपल्स हळूहळू सैल होतात, फळी कुरकुरायला लागते. एवढ्याने जिना सडत मात्र नाही. सडवतं ते पाणी.

पाणी आलं कुठून? सहसा लोक सडलेली फळी काढतात, नवी ठोकतात, फोटो टाकतात आणि वर्षभरात पुन्हा तेच. भावजींनी टोच्याने एकेक लाकूड टोचून पाहिलं. टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला की ते लाकूड बाद. सडकेपणाचा माग काढत गेले तर तो भिंतीपलीकडच्या शॉवरच्या ट्रेखाली पोचला. सांडपाण्याच्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. अशा गाड्यांत छताच्या सांध्यांतलं सीलंट तडकूनही पाणी उतरतं, म्हणून तेही बघितलं. आधी जोड बदलला, मग आठवडाभर पंखा लावून सगळं वाळवलं. ताईची चिडचिड झाली, कारण तेवढे दिवस वर जायला शिडी! पण हा आठवडा वाचवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

गणित चौथीचं, डोकं इंजिनिअरचं

खालच्या फ्लोअरपासून वरच्या फ्लोअरपर्यंत उंची २७ इंच. तीन चढ म्हणजे एकेक नऊ इंच. अमेरिकेतल्या घरांच्या बिल्डिंग कोडमध्ये चढ जास्तीत जास्त पावणेआठ इंचांचा चालतो आणि पाऊल ठेवायला किमान १० इंच खोल फळी लागते. आरव्हीला हा कोड लागू नाही, म्हणून तर कंपन्या जागा वाचवतात. पण गुडघ्याला थोडंच कळतं की आपण घरात आहोत की गाडीत! ताईने सरळ सांगितलं, चढ चार करा. चार चढ म्हणजे एकेक पावणेसात इंच. मावशीसाठी एकदम परफेक्ट.

पण एक चढ वाढला की एक फळी वाढते आणि जिना १० इंच पुढे येतो. तिथेच घोळ झाला. या गाड्यांना स्लाइड-आउट असतं. ड्रॉवरसारखी अख्खी भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते, प्रवासाला निघताना ती पुन्हा आत घ्यायची. आत आल्यावर सोफा नेमका नव्या पायरीवर आपटणार! दोन दिवस डोकं खाजवल्यावर तोडगा निघाला. सगळ्यात खालची पायरी कायमची बसवायचीच नाही. ती वेगळा खोका म्हणून बनवायची, मुक्कामी असताना मूळ जिन्याला दोन बोल्टने घट्ट आवळायची आणि निघायच्या आधी काढून ठेवायची. नुसती टेकवून ठेवली असती तर मात्र ती पायरी नव्हे, सापळा झाला असता.

मटेरियल? १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय. चार बाय आठ फुटांची अशी एक शीट ३० किलोच्या आसपास भरते, एमडीएफची ४० च्या वर आणि एमडीएफ पाण्याने फुगतं ते वेगळंच. वजनाचा विचार इथे कंपल्सरी आहे, कारण गाडीत किती किलो सामान भरता येईल ते दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. १९५४ च्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या सिनेमात ल्युसिल बॉल हौसेने ट्रेलरमध्ये दगड गोळा करत जाते आणि डोंगर चढताना नवऱ्याची काय हालत होते ते बघाच. जोडायला डिंक आणि स्क्रू दोन्ही. डिंकाने कुरकुर थांबते, स्क्रूने पकड राहते. आणि स्क्रू मारण्याआधी खाली नळी किंवा वायर नाही ना, हे दोनदा बघायचं.

वर विनायल प्लँक लावायचे ठरले, पाच मिलिमीटर जाडीचे. यातली गंमत बघा. फक्त पायऱ्यांवर प्लँक लावले आणि वरचं-खालचं फ्लोअर तसंच ठेवलं, तर पहिला चढ पाच मिलिमीटरने वाढतो आणि शेवटचा पाचने कमी होतो. म्हणजे दोघांत १० मिलिमीटरचा फरक. घरांच्या कोडमध्ये एका जिन्यातले चढ जास्तीत जास्त ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर इतकेच वेगळे चालतात! आपला पाय पहिल्या पावलात उंची पाठ करतो, पुढची पावलं न बघता टाकतो. नऊ इंचांच्या सारख्या पायऱ्यांपेक्षा असमान पायऱ्या जास्त दगा देतात. म्हणून प्लँकची जाडी प्लाय कापण्याआधीच हिशेबात धरली.

राहिला कठडा. मावशीचं बालपण पुण्यातल्या वाड्यातलं. तिथला अरुंद, काळोखा जिना चढताना धरायला वरून दोरी सोडलेली असायची. व्हिडिओ कॉलवर तिने पहिला प्रश्न तोच विचारला, "अहो, धरायला काय आहे?" आरव्हीची आतली भिंत म्हणजे जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं पॅनल. त्यात स्क्रू मारून दांडी लावली तर पहिल्या झोकात दांडी हातात येणार. भावजींनी पॅनल कापून आतल्या उभ्या पट्ट्यांमध्ये जाड लाकूड अडकवलं आणि मग त्यात स्टीलची दांडी बसवली. स्वतः लोंबकळून टेस्टसुद्धा केली! पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी, कारण प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खाली बघताना कडा धूसर दिसतात. आणि पाय टाकला की लागणारा छोटा एलईडी.

मावशी मे महिन्यात पोचली. ताईने तिला फिजिओथेरपीवाल्यांचा मंत्र आठवून दिला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पहिल्या रात्री मावशी उठली तेव्हा ताई वर जागीच होती, कान देऊन. चार पावलं, मधे दांडीवर बांगड्या घासल्याचा आवाज, मग बाथरूमचं दार. सकाळी चहा घेताना मावशीची तक्रार एकच होती, "तो मेला दिवा आपोआप लागतो गं, दचकायला होतं."