आंकडा पाहून केव्हां हात आवरावा

धंद्यांत आंकडे सर्वच ठेवतात. पण आंकडा पाहून केव्हां बदल करावा आणि केव्हां हात आवरावा, हें थोडेच जाणतात. कापडगिरणीचें उदाहरण घेऊं.

४० नंबरचें सूत १२० वार मोजून तोललें, तर तें २५ ग्रेन भरावें. समजा, एके दिवशीं तें २६ भरलें. सूत जाड येतें म्हणून जॉबरानें यंत्राचें चाक बदललें, कामगारासहि बोल लावला. उद्यां २४ भरलें, पुन्हां बदल! वस्तुतः यंत्र निर्दोष असतांहि वजन थोडें खालींवर होतच असतें. अशा उठाठेवीनें चढउतार उलट वाढतो.

अमेरिकेंतील वॉल्टर शूहार्ट यांनीं १९२४ सालीं यावर तक्त्याचा उपाय सुचविला. अनेक नमुन्यांची सरासरी घेऊन स्वाभाविक फरकाच्या वरच्या व खालच्या मर्यादा आंखाव्या. आंकडा त्यांच्या आंत असेल, तर यंत्रास हात लावूं नये. बाहेर गेला, तर कारण शोधावें. १९४७-४८ सालीं शूहार्ट हिंदुस्थानांत येऊनहि गेले. सुताकापडाची शास्त्रीय परीक्षा करणारी ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ ही १९५४ सालीं निघालेली संस्था तर आपल्या घाटकोपरांतच आहे.

मुलुंडच्या किराणा दुकानदारासहि हाच न्याय लागू आहे. एका दिवशीं साखर अधिक खपली म्हणून दुप्पट पोतीं भरूं नयेत. दोन महिन्यांची रोजची विक्री मांडावी, नेहमींचा चढउतार ओळखावा आणि मगच भांडवल गुंतवावें. एकटा आंकडा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे.