यकृताचा कर्करोग: प्रत्यारोपण कोणाला, कोणाला नाही?

मागच्या व्याख्यानात आपण सिरॉसिस म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच्याच पुढचा विषय घेऊ. निदान झालं की नातेवाईक आम्हाला विचारतात, "डॉक्टर, गाठ लिव्हरमध्येच आहे ना? मग लिव्हरच बदलून टाका की!"

हा विचार चुकीचा नाही. यकृतातच सुरू होणारा कर्करोग, ज्याला आम्ही एचसीसी म्हणतो, बहुतेक वेळा सिरॉसिस झालेल्या यकृतात होतो. नुसती गाठ कापली तर आजारी यकृत मागे राहतं आणि त्यात नवी गाठ होऊ शकते. प्रत्यारोपणात गाठ आणि सिरॉसिस, दोन्ही जातात.

मग सगळ्यांनाच का करत नाही? सुरुवातीच्या काळात मोठमोठ्या गाठी असलेल्यांचीही प्रत्यारोपणं झाली, आणि अनेकांचा आजार परत आला. गाठीतल्या पेशी रक्तवाहिन्यांतून आधीच बाहेर पडलेल्या असतात. त्यात नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. उरलेल्या पेशींना मग मोकळं रान मिळतं.

१९९६ साली इटलीतल्या मिलान शहरातून डॉ. विन्चेन्झो माझाफेरो आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे निकष सोपे होते: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, जास्त असतील तर तीनपर्यंत, प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही. चार वर्षांनी सुमारे ७५ टक्के रुग्ण हयात होते. हेच ते 'मिलान निकष'.

आता सेंटिमीटरच का मोजायचे? कारण गाठ जितकी मोठी, तितकी ती रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याची शक्यता जास्त. म्हणजे आकारावरून आपण गाठीच्या स्वभावाचा अंदाज बांधतो. पण अंदाजच तो! समजा, एकाची गाठ ६ सेंटिमीटरची आहे, पण शांत. दुसऱ्याची ४ सेंटिमीटरची, पण रक्तातलं एएफपी १५०० च्या वर. फूटपट्टी दुसऱ्याला पास करते, पण आम्हाला काळजी त्याचीच जास्त वाटते. म्हणून पुढे निकष थोडे रुंदावले. सॅन फ्रान्सिस्कोच्या निकषांत एकच गाठ ६.५ सेंटिमीटरपर्यंत चालते. दुसरीकडे एएफपीलाही वजन आलं. अमेरिकेत ते १००० च्या वर असेल, तर आधी उपचारांनी ५०० च्या खाली आणावं लागतं.

गाठ निकषांबाहेर असली म्हणजे दार कायमचं बंद, असं नाही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून, किंवा सुईने उष्णता देऊन ती आटवता येते. मग काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करतात. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं. पण तीही एक परीक्षाच असते. उपचार चालू असतानाही जी गाठ पसरते, ती प्रत्यारोपणानंतरही परत येण्याची भीती मोठी.

आपल्याकडचा खरा पेच पुढे आहे. भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात. मुलगा म्हणतो, "माझं लिव्हर मी वडिलांना देतोय, कुणाच्या रांगेतलं घेत नाही. मग तुम्ही का अडवता?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जिवंत दाता असेल तर अनेक केंद्रं आकाराबाबत थोडी सैल राहतात. पण त्या धडधाकट मुलाच्या यकृताचा निम्म्याहून अधिक भाग काढावा लागू शकतो. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं हे खरं, तरी त्याच्या जिवाला धोका थोडा का होईना, असतोच. वडिलांचा आजार वर्षभरात परत येणार असं दिसत असेल, तर तो धोका त्याला कशासाठी पत्करायला लावायचा? अशा वेळी 'नाही' म्हणताना आमच्यासमोर दोन माणसं असतात.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ रक्तवाहिनीत शिरली आहे का? एएफपी किती आहे, वाढतंय की उतरतंय? उपचारांनी गाठ निकषांत आणता येईल का? आणि घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली, तर निवडीचा हा पेच बराच सोपा होतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.