बर्लिनचा पगार, रोमचा मुक्काम

रजा संपली तरी कामावर रुजू न होणारा नोकर सगळ्याच सरकारी कचेऱ्यांच्या ओळखीचा असतो. १७९६ साली प्रशियाचे मंत्री हाइनित्स यांच्या डोक्याला असाच एक ताप होता. बर्लिनच्या कला अकादमीतला प्राध्यापक आस्मुस याकोब कार्स्टेन्स १७९२ मध्ये सरकारी खर्चाने रोमला गेला आणि मुदत उलटली तरी परतायचं नाव घेईना. अकादमीने पैसा खर्च केला, आता येऊन मुलांना शिकव, हे मंत्र्यांचं म्हणणं. कार्स्टेन्सने उलटटपाली कळवलं की, आपण बर्लिनच्या अकादमीचे नाही, मानवजातीचे आहोत. काही वर्षांच्या वेतनापायी जन्माची वेठबिगारी आपण कबूल केलेली नाही.

हा बाणेदारपणा थोर खरा. पण हाइनित्सचीही बाजू अगदीच लंगडी नव्हती.

कार्स्टेन्स गिरणीवाल्याचा मुलगा. जन्म १७५४ चा, श्लेस्विग शहरालगतचा. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये युर्गेन ओव्हेन्सची चित्रं होती. शाळेतला हा पोरगा मधल्या सुट्टीत ती बघत बसे. आईवडील गेल्यावर पालकत्व आलेल्या मंडळींनी त्याला वाइनच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लावलं. तिथून सुटून कोपनहेगनला पोचेपर्यंत वयाची बाविशी आली होती. चित्रकाराच्या शिक्षणाला हे वय उशिराचंच.

कोपनहेगनमध्ये प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. कार्स्टेन्स त्यांच्यापुढे तासन् तास उभा राही, पण कागदावर रेघ ओढत नसे. नुसतं बघायचं, डोक्यात साठवायचं आणि घरी येऊन आठवणीतून रेखाटायचं, ही त्याची रीत. जिवंत मॉडेल समोर बसवून हात घोटण्याचा तिथल्या कला अकादमीचा शिरस्ता त्याला मानवला नाही. याची किंमत त्याने पुढे मोजली. त्याच्या आकृत्यांचा डौल मोठा, पण शरीररचनेच्या चुका कधी कधी सहज नजरेत भरतात. अकादमीशी बिनसलं ते मात्र पदकावरून. सुवर्णपदक भलत्यालाच दिलं असं त्याचं मत झालं आणि स्वतःच्या वाट्याला आलेलं रौप्यपदक त्याने नाकारलं. अकादमीने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

१७८३ मध्ये तो पायीच इटलीला निघाला. मांतुआपर्यंत पोचला, जुलिओ रोमानोची भित्तिचित्रं डोळे भरून पाहिली आणि पैसे संपले म्हणून माघारी फिरला. मग पाच वर्षं ल्यूबेकमध्ये व्यक्तिचित्रांवर गुजराण. त्या काळी व्यक्तिचित्रांवर पोट भरे. मान मिळे तो इतिहासचित्रांना, म्हणजे होमर, पुराणकथा, प्राचीन वीर यांच्या चित्रांना. कार्स्टेन्सला तीच काढायची होती. बर्लिनमध्ये शेकडो आकृत्यांच्या एका मोठ्या रेखाटनाने नाव झालं, प्राध्यापकी मिळाली आणि अखेर रोम.

इतिहासचित्रकार म्हटलं की भिंतभर कॅनव्हास आणि तैलरंग अशी अपेक्षा असे. कार्स्टेन्सने तैलरंगात फारच थोडं काम केलं. खडू, पेन्सिल, जलरंग एवढ्यावर त्याचं भागे. १७९५ मध्ये रोममध्ये दिवंगत चित्रकार बातोनी याच्या स्टुडिओत त्याने स्वतःच्या कामाचं प्रदर्शन मांडलं. त्याच सुमाराचं ‘रात्र आणि तिची मुलं’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र. तपकिरी कागद, काळा-पांढरा खडू, रुंदी जेमतेम मीटरभर. मध्यभागी बसलेली रात्र वस्त्र पसरून दोन बाळांना पोटाशी घेते: एक निद्रा, दुसरा मृत्यू. मृत्यूच्या हातात उलटी धरलेली मशाल. मागे चाबूक घेतलेली नेमेसिस, डोक्यावरून वस्त्र ओढून ग्रंथ वाचणारी नियती आणि आयुष्याचा धागा कातणाऱ्या तिघीजणी. कल्पना ग्रीक कवी हेसिओडची. इतकी माणसं एवढ्याशा जागेत बसवूनही दाटी जाणवत नाही. सगळ्या आकृत्या दगडातून कोरल्यासारख्या ठाम आहेत. रंगांची उणीव इथे भासत नाही.

सगळेच प्रयोग असे साधले नाहीत. कांटच्या तत्त्वज्ञानाने भारावून त्याने चक्क ‘अवकाश आणि काळ’ यांचं चित्र काढलं. गटे आणि शिलर यांनी त्याची यथेच्छ टर उडवली, आणि ती रास्तच होती.

क्षयाने पोखरलेला कार्स्टेन्स २५ मे १७९८ रोजी रोममध्ये वारला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. ‘सुवर्णयुग’ हे चित्र अर्धंच राहिलं. जेसन आणि त्याच्या साथीदारांवरची चोवीस रेखाटनं त्याचा मित्र योसेफ आंटोन कोख याने कोरून १७९९ मध्ये प्रसिद्ध केली. कार्ल लुडविग फेर्नोव या दुसऱ्या मित्राने मागे राहिलेले कागद जपून वायमारला नेले आणि १८०६ मध्ये त्याचं चरित्र छापलं. त्या कागदांमधली रेखाटनं १८०४ मध्ये वायमारच्या संग्रहात घेतली गेली, तीही गटेच्याच पुढाकाराने.

या रेखाटनांचा खरा लाभ झाला तो शिल्पकार थोरवाल्डसेनला. रोममध्ये आल्यावर त्याने कार्स्टेन्सच्या चित्रांच्या नकला करून हात बसवला आणि १८०३ मध्ये ‘जेसन’च्या पुतळ्याने युरोपभर नाव काढलं. त्याला रोमला धाडलं होतं कोपनहेगनच्या त्याच अकादमीने, सुवर्णपदक देऊन.